कॅल्शियमच्या बाटलीतली पांढरी कावीळ

कोरोनात तुझी तब्येत एवढी कशी बिघडली, असं कोणी विचारलं की आमच्या घरात अजूनही एकच उत्तर तयार असतं: नशीब. मला त्या शब्दाचा फार राग येतो. नशिबाने माझं औषध बंद केलं नव्हतं. ते माझ्या माणसांनी केलं, दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, आणि वर मला मोसंबीही पाठवली.

मला हिपॅटायटिस बी आहे. आपल्याकडे त्याला पांढरी कावीळ म्हणतात, इथे सुरतेत झेरी कमळो. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला कित्येक वर्षं लागली. मी उधन्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं माहेर धुळ्याचं. सासरची माणसं मूळची नंदुरबारकडची. सासरे गिरणीत लागले म्हणून ती इथे आली आणि इथलीच झाली. सासरे आता नाहीत. घरात माझा नवरा विलास, सासूबाई, माझी मुलगी आर्या आणि त्या वेळी लग्नाची असलेली नणंद ज्योती. विलास एका साडीच्या कारखान्यात माल पाठवायचं काम सांभाळतो. घरात मी त्याला अहो म्हणते. इथे रागाच्या भरात अरेतुरे करते आहे, ते चालवून घ्या.

ज्यांच्या घरात अशी एखादी गोळी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कळलं तो दिवस

आर्या पोटात असताना रक्त तपासलं तेव्हा कळलं. आमच्या भागातल्या दवाखान्यात एक वयस्कर गुजराती डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं नाही, त्या कुजबुजल्या नाहीत. साखर वाढली आहे हे सांगावं त्याच आवाजात म्हणाल्या, "बेन, तमने झेरी कमळो छे. जुनो छे, लोहीमां बेठेलो. डरवानुं नथी. पण छुपाववानुं पण नथी." जुना आहे, रक्तात बसलेला. घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही.

मी घाबरले अर्थातच. मला वाटलं, मी मरणार आणि पोरही जाणार. बाईंनी माझा हात धरला आणि समजावलं. हा आजार शिंकेतून पसरत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. रक्तातून होतो, आणि आईकडून बाळाला बाळंतपणात होतो. म्हणूनच बाळ जन्मलं की लगेच त्याला दोन इंजेक्शनं द्यायची, मग पुढचे डोस, आणि बहुतेक बाळं यातून सुटतात. घरच्या सगळ्यांचं रक्त एकदा तपासून घ्या, असंही त्यांनी बजावलं.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. रिक्षात बसल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहेरथून लई उनी ना तू हाई?"

उत्तर काय देणार? आजार माहेरून आला असेलही. माझी आई लवकर गेली, तिचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात या आजाराला मालक मिळाला. तो माझा होता, माझ्या माहेरचा होता. विलासने तपासणी करून घेतली, तो निर्दोष निघाला, त्याने लसही घेतली. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मले काय धाड भरनी शे?" विषय तिथेच संपला.

आर्या जन्मली. डॉक्टरबाईंनी स्वतः उभं राहून इंजेक्शनं दिली. पुढे तिचं रक्त तपासलं, स्वच्छ. मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, आणि एवढं बरं वाटलं की त्यानंतर माझ्या स्वतःच्या आजाराकडे मी बरीच वर्षं नुसत्या तपासण्यांपुरतंच बघितलं.

बाटली

मग एका तपासणीत विषाणू वाढलेला दिसला आणि यकृताच्या डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली. त्यांचं एकच म्हणणं होतं, "एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, ही गोळी चुकवायची नाही. आणि मला विचारल्याशिवाय बंद तर कधीच करायची नाही. अचानक सोडली तर आजार उसळून अंगावर येतो." मी मास्तरीण आहे, शिस्त माझ्या हाडात आहे. सकाळी शाळेत निघताना पाण्याच्या माठाशेजारच्या फळीवरून पाकीट काढायचं, गोळी घ्यायची, ठेवून द्यायचं.

पुढे ज्योतीला स्थळं यायला लागली.

आमचं घर म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती एक कमान. पाहुणे बसतात तिथून ती फळी समोरच दिसते. आता खान्देशातली मंडळी मुलगी बघायला येतात तेव्हा चार जण येत नाहीत, जीपभर येतात. आणि त्या जीपभर माणसांत एक तरी मेडिकल दुकानवाला असतोच असतो. आत्याबाईंना नेमकी त्याचीच धास्ती.

"पाव्हणास्मा एखादा मेडिकलवाला राहिना ते? गोळीनं नाव वाची लेई ना तो," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पाकीट कपाटात ठेवते. तर कपाट नको, पाहुण्यांच्या बायका आत येतात, कपाटं उघडून साड्या बघतात. शेवटी आत्याबाईंनीच तोडगा काढला. कॅल्शियमच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली धुऊन, उन्हात वाळवून, माझ्या गोळ्या पाकिटातून सोडवून त्यात भरल्या. बाटली फळीवर राजरोस उभी राहिली. कोणी विचारलं तर उत्तर तयार: सुनेचे गुडघे दुखतात. माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत.

विलास हसला होता तेव्हा. म्हणाला, "मायचं डोकं बघ कसं चालतं." मीही हसले. गोळी पोटात जाते आहे ना, मग बाटलीवर काय लिहिलंय याने काय फरक पडतो, असं मला वाटलं. नवापूरचं स्थळ जमलं, सुपारी फुटली, आणि घरात सगळे आनंदात असताना कोरोनाची दुसरी लाट सुरतेवर येऊन आदळली.

"और कोई बीमारी?"

मला आधी ताप आला, मग चव गेली, मग दोन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. त्या दिवसांत सुरतेत खाट मिळणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं त्यालाच ठाऊक. विलासने फोनवर फोन केले, ओळखीपाळखी काढल्या, आणि अखेर एका इस्पितळात मला जागा मिळवून दिली. त्याची धावपळ मी नाकारत नाही. पुढचं जे लिहिते आहे ते लिहायला त्यामुळेच जास्त त्रास होतो.

दारातच एक तरुण डॉक्टर होता, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मी चाकाच्या खुर्चीत, तोंडावर ऑक्सिजन. त्याने माझ्याकडे बघितलं आणि प्रश्न मात्र माझ्या डोक्यावरून विलासला विचारला.

"और कोई बीमारी? बीपी, शुगर, थायरॉइड?"

विलासच्या शेजारी ज्योतीचे होणारे सासरे उभे होते. गाडी घेऊन ते नवापूरहून मदतीला धावत आले होते, भला माणूस. विलासने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "नहीं साहब, कुछ नहीं. एकदम तंदुरुस्त."

मी मान हलवली. हात हलवला. डॉक्टरला वाटलं मी घाबरले आहे. "कुछ नहीं होगा, आंटी," म्हणाला आणि खुर्ची आत ढकलली.

या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि तो फक्त विलासवर नाही. माझा आजार मला विचारा ना! मी बेशुद्ध नव्हते. मास्क बाजूला करून दोन शब्द बोलू शकले असते. पण बाई आजारी असली की तिच्याबद्दल बोलायला नवरा असतो, सासरा असतो, दीर असतो, ती स्वतः सोडून सगळे असतात. आणि बीपी-शुगर विचारलं म्हणजे सगळं विचारलं, असं कोणी ठरवलं? यकृत नावाचा एक अवयव माणसाला असतो, एवढी आठवणही त्या प्रश्नात नव्हती.

वॉर्ड

माझी पिशवी आत आली. कपडे, टॉवेल, कंगवा, आणि ती बाटली. सामान तपासणाऱ्या सिस्टरने बाटली हातात घेतली, वरचं नाव वाचलं. "बेन, आ तो कॅल्शियम छे. ए तो अमे अहियां आपीए ज छीए." कॅल्शियम तर आम्हीच देतो. बाहेरची औषधं वॉर्डात ठेवायची नाहीत असा नियम होता, म्हणून बाटली परतीच्या पिशवीत गेली.

मी मास्क ओढला. "कॅल्शियम नाही," म्हणाले. मराठीत म्हणाले, घाईत दुसरं सुचलंच नाही. त्या क्षणी पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचा ऑक्सिजन खाली गेला आणि सगळ्या तिकडे धावल्या. मला खोकल्याची अशी उबळ आली की पुढचा बराच वेळ मी श्वासाशिवाय कशाचाच विचार करू शकले नाही. त्या सिस्टरवर माझा राग नाही. तिने बाटलीवर लिहिलेलं वाचलं, आणि ते खोटं आमच्या घरून लिहून आलं होतं.

जरा सावरल्यावर मी फोनवर विलासला लिहिलं, "गोळी परत आली. डॉक्टरांना सांगा, हिपॅटायटिस आहे. लगेच." त्याचं उत्तर आलं, "हो सांगतो. तू आराम कर."

त्याने सांगितलं नाही.

खाली इस्पितळाच्या आवारात मांडव घातला होता. नातेवाईक तिथे दिवसभर बसून असत. चौकशीच्या टेबलावरून वॉर्डाशी बोलायचं तर एका फोनवर ओरडून बोलावं लागे आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाई. विलासने नंतर मला हे कारण सांगितलं. त्याच्या मागे रांगेत काका उभे होते, म्हणजे ज्योतीचे सासरे. आजूबाजूला उधन्यातली ओळखीची माणसं होती. तिथे "माझ्या बायकोला पांढरी कावीळ आहे" असं ओरडून सांगायचं त्याच्या जिवावर आलं. उद्या सांगू, एकटा असताना सांगू, असं तो म्हणत राहिला. काकांनी त्याला एकटं सोडलंच नाही, कारण काका खरोखरच चांगले होते.

मी रोज विचारायची, सांगितलं का? तो रोज लिहायचा, हो, ते बघताहेत. मी विश्वास ठेवला. सकाळी हातावर गोळ्या येत, पाच-सहा रंगांच्या. माझी त्यातच असेल असं मी धरून चालले. नवऱ्याने जिवाच्या बाबतीत खोटं सांगितलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मोसंबी मात्र रोज येत होती. सोललेली, बिया काढलेली. नारळपाणी येत होतं. आत्याबाईंनी केलेली मुगाची खिचडी येत होती. मला माहीत आहे, ती माणसं माझ्यावर प्रेम करत होती. त्या प्रेमाने सगळं काही वरच्या मजल्यापर्यंत पोचवलं, एक वाक्य सोडून.

कांताबेन

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. पहाटे रक्त काढायला येतात, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग पालथं झोपायचं, मग पुन्हा उताणं. प्लास्टिकमधली माणसं कोण बाई कोण बाप्या हेही कळत नाही. काही जणांनी पाठीवर स्केचपेनने आपली नावं लिहिली होती. एकाने नावाखाली लाडवाचं चित्र काढलं होतं. तो आला की सगळ्या खाटा हसायच्या, आणि हसलं की खोकला यायचा.

माझ्या शेजारी कतारगामच्या कांताबेन होत्या. त्यांची मुलं हिऱ्याच्या कारखान्यात. कांताबेनना स्वतःच्या आजारापेक्षा सगळ्या वॉर्डाची चौकशी जास्त. कोणी जेवलं नाही, कोणाची मुलगी रडली, सगळं त्यांना ठाऊक. माझा श्वास सुधारत होता, ऑक्सिजन हळूहळू कमी करत होते. स्टिरॉइडही दिलं होतं, त्याने फुप्फुसं सावरली. मी घरी जायची स्वप्नं बघायला लागले होते.

मग मला जेवणाचा वास सहन होईना. मळमळ, उजवीकडे बरगडीखाली जडपणा, अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले होते, पण कोरोनात थोडं वाढतंच, असं म्हणून ते पुढे ढकललं गेलं. ज्याला मागचं काहीच माहीत नाही तो दुसरं काय म्हणणार?

एका सकाळी खिडकीचा पडदा सरकवला आणि उजेड माझ्या तोंडावर आला. कांताबेन खाटेवर उठून बसल्या.

"अरे, मास्तरबेन! तमारी आँखो तो पीळी छे. हळदर जेवी."

डोळे हळदीसारखे पिवळे. मला एका क्षणात सगळं कळलं. इतके दिवस माझ्या हातावर आलेल्या रंगीत गोळ्यांत माझी गोळी कधी नव्हतीच.

इतकी संतापले होते की भीती वाटायला जागाच उरली नाही. डॉक्टरांची फेरी आली. मी मास्क काढला, उठून बसले, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात म्हणाले, "साहेब, मने झेरी कमळो छे. हिपॅटायटिस बी. जुनो छे. रोज गोळी चालू हती. अहियां आव्या पछी बंद छे."

सगळा वॉर्ड ऐकत होता. कोणी तोंड फिरवलं नाही. डॉक्टर मात्र जागच्या जागी थांबले. "अत्यार सुधी कोई बोल्युं केम नहीं?" आतापर्यंत कोणी बोललं का नाही?

मी काय सांगणार? म्हटलं, "मला कोणी विचारलं नाही आणि माझ्या माणसांनी सांगितलं नाही."

यकृताचे डॉक्टर

त्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. यकृताच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी त्याच दुपारी सुरू झाली, स्टिरॉइडचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं. तरी कावीळ चढत राहिली. रक्त गोठायला वेळ लागत होता, मला दिवसाही गुंगी असायची. आर्याचं नाव आठवायला मला थांबावं लागलं, तेव्हा मी हादरले. एक वेळ अशी आली की विलासला बोलावून सांगितलं गेलं, यकृत साथ देईलच असं नाही. तेव्हा त्याला मांडवात कोण ऐकतंय याची पर्वा उरली नाही म्हणे. पण फार उशिरा; काका त्या दिवशी नवापूरला गेलेले होते.

मी वाचले. का वाचले याचं श्रेय मी गोळीला देते, डॉक्टरांना देते आणि कांताबेनच्या चौकस नजरेला देते. कांताबेन माझ्याआधी घरी गेल्या. जाताना माझ्या खाटेशी थांबून म्हणाल्या, "हवे बोलती रहेजो, मास्तरबेन." आता बोलत राहा.

पुढे तपासणीला गेले तेव्हा मी यकृताच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "कोरोना आणि हा आजार एकत्र आला म्हणून माझं असं झालं का?"

ते मराठी समजणारे गुजराती आहेत, मिसळून बोलतात. म्हणाले, "तसं समजू नका, आणि दुसऱ्यांना पण तसं सांगून घाबरवू नका. ज्यांचं यकृत आधीच कडक झालंय, सुकलंय, त्यांना कोरोनात धोका मोठा असतो. तुमचं तसं नव्हतं. आजार ताब्यात होता. गोळी चालू राहिली असती तर बहुतेक तुम्ही बाकीच्यांसारख्याच कोरोनातून निघाल्या असत्या. गोळी सुटली, वर स्टिरॉइड लागलं, विषाणूला मोकळं रान मिळालं. स्टिरॉइड द्यावंच लागतं कधी कधी, पण आम्हाला माहीत असलं तर आम्ही आधी बंदोबस्त करतो. माहीत पाहिजे ना!"

माहीत पाहिजे. एवढंच लागतं. आणि एवढंच आमच्या घराला जमलं नाही.

घरी

घरी आल्यावर पहिले काही दिवस मी काही बोलले नाही, अंगात ताकदच नव्हती. ताकद आल्यावर बोलले. आर्याला शेजारी पाठवलं आणि विलासला समोर बसवलं.

"अहो, तुम्ही खोटं का लिहिलंत? ते बघताहेत म्हणून?"

"मी मुद्दाम केलं का?" तो म्हणाला. "काका शेजारी होते गं. मला वाटलं चार दिवसांनी काय एवढा फरक पडतो."

"मी मेले असते तर त्याच काकांनी खांदा दिला असता."

तो रडला. मला दया आली नाही, खरं सांगते. नंतर आली, पण त्या दिवशी नाही. मला एवढंच दिसत होतं की माझा जीव आणि ज्योतीची सोयरीक समोरासमोर आली तेव्हा या घराने माझा जीव उद्यावर ढकलला. कोणी मला मारायला निघालं नव्हतं. नुसतं लाजत होते सगळे. अशा लाजेने माणसं मरतात आणि मग म्हणायला नशीब मोकळंच असतं.

त्या दिवसापासून विलास माझ्याबरोबर प्रत्येक तपासणीला येतो. कोणी विचारलं तर आजाराचं नाव घेतो. एकदा नाव घेताना त्याचा आवाज चिरकला, तरी घेतलं. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं होतं की आईंचीही तपासणी करा. आत्याबाईंचं उत्तर, "ज्योतीनं लगीन हुई जाऊ दे, मंग काय ते." लग्न झालं. थाटात झालं. मी पिवळसर डोळ्यांना काजळ लावून वऱ्हाडात मिरवले. लग्नानंतर सण आले, सणांनंतर पाहुणे आले. तपासणी राहिलीच.

आत्याबाईंचे डोळे

आत्याबाईंना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनच्या आधी डोळ्यांच्या दवाखान्यात रक्त तपासतात. मीच घेऊन गेले होते. तिथल्या मुलीने मला बाजूला बोलावून विचारलं, "आंटी को पीलिया वाला बी है, आपको पता है?"

मी कागदावरचं नाव दोनदा वाचून घेतलं.

परतताना रिक्षात आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला टोमणा मारायचा होता. कुठून आणलं हे, माहेरून का? जिभेच्या टोकावर होता, इतक्या वर्षांचा. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तो गिळला. त्या माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "मी काय पाप करं व्हतं व माय?"

"काही पाप नाही, आत्याबाई. गोळी लागली तर रोज एक घ्यायची. मी घेते ना?"

त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "कोनले सांगू नको. ज्योतीना सासरले कळनं ते तिले पाठाडी देतीन."

ज्योतीला सातवा महिना होता.

मी रिक्षात ताठ बसले. आत्याबाईंना हा आजार कधीपासून आहे, कोणी सांगू शकत नाही. ज्योतीच्या जन्माआधीपासून असेल तर तिला असू शकतो. तिला असेल तर बाळाला होऊ शकतो. जन्मल्या जन्मल्या दोन इंजेक्शनं मिळाली की बहुतेक बाळ सुटतं, माझी आर्या सुटली. आणि ही बाई मला सांगते आहे, सांगू नको!

घरी विलासला सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तोंडून निघालं, "बाळंतपणाला ती इथेच येणार आहे. आली की गुपचूप तपासून घेऊ. थोडं थांब."

"आणि दिवस भरायच्या आत नवापूरलाच कळा सुटल्या तर?"

आत्याबाई कमानीत उभ्या होत्या, एका डोळ्यावर हात ठेवून. "बेटी, मनी पोरनं घर मोडू नको," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच बेटी म्हटलं, आणि ते या कामासाठी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्यासमोरच फोन उचलला.

ज्योतीने लगेच घेतला. "बोला वहिनी, कशा आहात? मी मजेत एकदम."

"ज्योती, शांतपणे ऐक. आईंच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. मला आहे तोच. तुलाही असू शकतो, कारण तो आईकडून मुलाला येतो. तुझी तपासणी झाली असेल तर उद्या कागद बघून खात्री कर, झाली नसेल तर उद्याच करून घे. असला तर घाबरायचं नाही. तुझ्या डॉक्टरांना आधीपासून माहीत पाहिजे आणि बाळंतपणाच्या खोलीत बाळाची इंजेक्शनं तयार पाहिजेत. कळलं का?"

पलीकडून पंखा फिरत असल्याची घरघर तेवढी येत होती.

"ज्योती?"

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या हाताला मेंदी लावलीय म्हणून फोन स्पीकरवर आहे. सासूबाई समोरच बसल्यात."

आत्याबाई मटकन खाली बसल्या. विलासने डोळे मिटले.

"बरं झालं," मी म्हणाले. "मावशी, नमस्कार करते. जरा जवळ या. मी पहिल्यापासून सांगते."